जेवणाआधी एक, नंतर एक

शुगर मोजायचं मशीन नवीन घरी आलं की पहिले चार दिवस सगळ्या घराची बोटं टोचून निघतात. मधुमेह ज्याला आहे तो राहतो बाजूला, आणि धडधाकट मंडळीच "माझी बघ, माझी बघ" करत हात पुढे करतात. मग कौतुक ओसरतं, स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, संपत आल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं आणि मशीन ज्याचं त्याच्याकडे परत जातं. त्यानंतर सुरू होतो तो एकट्याचा कार्यक्रम. सकाळी उठायचं, चूळ भरायची, उपाशीपोटी बोट टोचायचं आणि पडद्यावर जो आकडा येईल त्यावर दिवसाचा मूड ठरवायचा. ११८ (म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ११८ मिलीग्रॅम साखर) आली तर स्वारी खुशीत. १४२ आली की रात्रीच्या ताटातला आरोपी शोधायला सुरुवात.

डॉक्टरांनी मला गोळी सुरू न करता आधी पथ्य आणि चालण्यावर ठेवलं, तेव्हापासून हे मशीन माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. आणि माझं आता ठाम मत झालंय की आहारावर मधुमेह सांभाळणाऱ्याला सकाळचा तो एकटा आकडा फार थोडं सांगतो. तो खोटा नसतो. पण काल दिवसभरात आपण जे जे खाल्लं, जितकं चाललो, जेवढं झोपलो, त्या सगळ्याचं गाठोडं बांधून तो आपल्या हातात देतो. त्यातलं नेमकं कशाने काय केलं, हे त्यातून सुटं करून काढता येत नाही.

शिवाय सकाळच्या शुगरचा रात्रीच्या जेवणाशी संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडायला लागतं. इन्सुलिनचं काम ठीक चाललेल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. मधुमेह असला की मात्र रात्री घास न खाताही सकाळी आकडा चढलेला दिसतो. अर्धपोटी झोपून सकाळी जास्त शुगर आलेली माणसं मी पाहिली आहेत. बिचारी दुसऱ्या दिवशी आणखी कमी जेवतात. त्यात रात्रीची झोप मोडली, ताप आला, कशासाठी तरी स्टिरॉइडचं औषध सुरू झालं, की पथ्य तंतोतंत पाळूनही शुगर वर जाते.

म्हणून मी जोडीने मोजतो. जेवायला बसण्याआधी एक, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. पहिल्या घासापासून, हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण हात धुतल्यापासून तास मोजतात. निवांत गप्पा मारत जेवणाऱ्याच्या बाबतीत त्यात पाऊण तासाचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात शुगर चढून उतरायलाही लागलेली असते. आधी ११२ आणि नंतर १६८, तर त्या जेवणाने ५६ वाढवली. आधीच १५० होती आणि नंतर १७२ झाली, तर आकडा मोठा दिसला तरी जेवणाचा त्यात दोष थोडा. नुसती जेवणानंतरची बघितली असती तर दुसऱ्या जेवणाला उगाच बोल लागला असता.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा ढोबळ आडाखा असा: उपाशीपोटी ८० ते १३०, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक ते दोन तासांत १८०च्या आत. वय, बाकीचे आजार, औषधं बघून डॉक्टर यात बदल करतात. गरोदरपणातल्या मधुमेहात हिशेब फार कडक असतो. उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर तासाने १४०च्या खाली किंवा दोन तासांनी १२०च्या खाली. तिथे दिवसातून चारदा टोचणं नेहमीचंच. त्या बाईला "कशाला सारखं मोजत बसतेस" असं घरच्यांनी म्हणू नये.

टोचण्याचंही एक तंत्र आहे, आणि मशीनबरोबरच्या चिटोऱ्यावर ते इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की ज्या वयात मधुमेह होतो त्या वयात ते वाचता येऊ नये. हात आधी साबणाने धुवायचे. कोमट पाणी असलं तर उत्तम, रक्त बोटात चांगलं उतरतं. मग पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि पातळही होतो. हात खाली सोडून जरा झटकायचा. टोचायचं ते बोटाच्या गुबगुबीत टोकाला नाही, कडेला. टोकाला मज्जातंतूंची दाटी असते, दिवसभर वस्तूही त्याच टोकाने धरायच्या असतात. मी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या कडा आळीपाळीने वापरतो. सुई टोचल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग मोहरीएवढा गडद लाल थेंब वर येतो. तो आला नाही म्हणून बोट करकचून पिळायचं नाही; पिळलं की रक्ताबरोबर आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा फसवा होतो. तळव्याकडून बोटाकडे हलकेच दाबत आणायचं. थेंबाला स्ट्रिपची कड नुसती टेकवायची, ती आपणहून ओढून घेते. त्या अरुंद फटीत एक एन्झाइम वाट बघत असतं. ते ग्लुकोजवर काम करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि जो किंचित विद्युतप्रवाह तयार होतो तो मशीन मोजतं. पाच सेकंदांत आकडा.

हात धुण्यावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. फळ सोलून, चिरून झाल्यावर त्याच हाताने टोचलं तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि शुगर भलतीच वर दिसते. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून ती जाईल याचा भरवसा नाही. पाण्यानेच धुवायला हवं. एकदम २६०, ३०० असा अवचित आकडा दिसला तर घाबरण्याआधी हात धुऊन पुन्हा मोजावं. स्ट्रिपची डबी उघडी राहणं हा दुसरा घोटाळा. हवेतल्या ओलाव्याने एन्झाइम खराब होतं, म्हणून स्ट्रिप काढल्या काढल्या झाकण लावायचं. त्या झाकणात किंवा डबीच्या आत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, तो उगाच नाही.

इतकं सगळं नीट केलं तरी मशीन अंदाजच देतं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवलं पाहिजे. घरगुती मशीनसाठीचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की शंभरातले पंचाण्णव आकडे लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असावेत. शुगर १००च्या खाली असेल तर १५ मिलीग्रॅम इकडेतिकडे. म्हणजे खरी शुगर १४० असताना मशीनने ११९ दाखवली काय किंवा १६१ दाखवली काय, ते नियमात बसतं. आणि आपण काय करतो? काल १३६ होती, आज १४२, म्हणून चेहरा पाडून बसतो. हा सहाचा फरक शरीरातला नसून मशीनचाही असू शकतो. रक्त कमी असलेल्या माणसाची शुगर काही मशीनवर असते त्याहून जास्त दिसते. जेवणानंतर बोटाच्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच थोडी जास्त साखर असते, त्यामुळे लॅबच्या रिपोर्टशी तंतोतंत मेळ घालत बसण्यात अर्थ नसतो. मशीनची शहानिशा करायचीच असेल तर उपाशीपोटी करावी. लॅबमध्ये रक्त देतानाच आपल्या मशीनवरही मोजायचं.

यावरून सरळच निघतं की एका जोडीवरून कुठल्याही पदार्थाला शिक्षा सुनावू नये. तेच जेवण, तेवढंच, तशाच दिवशी पुन्हा जेवून बघावं. दोनतीनदा वाढ सारखीच आली तर मग तिच्यावर विश्वास ठेवावा.

माझे आजोबा मधुमेही होते, आणि त्यांच्या वेळी घरी रक्त तपासणं ही कल्पनाच नव्हती. त्यांच्याकडे एक परीक्षानळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली होती. नळीत पाच मिलिलिटर निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब सोडायचे आणि उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी रंग उतरला की प्रकरण हाताबाहेर. आम्ही मुलं रंग बदलायची वाट बघत उभी असायचो, आणि आम्हाला अर्थातच विटकरी हवा असायचा. आजोबा नळी खिडकीकडे धरून म्हणायचे, "बघ रे, हिरवाच आहे ना? माझ्या डोळ्यांना काही कळत नाही." मी नारिंगी म्हटलं की आजी स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आज काय खाल्लंत बाहेर?"

पण लघवीत साखर उतरते ती रक्तातली शुगर साधारण १८०च्या पुढे गेल्यावर, आणि उतारवयात हा उंबरठा आणखी वर सरकतो. शिवाय नळीत दिसतं ते मागच्या काही तासांचं साचलेलं. म्हणजे निळा रंग बघून निर्धास्त झालेल्या माणसाची शुगर १७०च्या घरात आरामात फिरत असू शकायची. विटकरी रंग आजोबांना गुन्हा झाल्यानंतर कळायचा, तोही कुठला गुन्हा ते न सांगता.

तरीही त्या नळीमागची कल्पना मोठी होती, आणि ती बेनेडिक्टच्याही आधीची आहे. अपोलिनेर बुशार्दा नावाच्या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात रुग्णांना आपली लघवी आपणच तपासायला शिकवलं. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि त्याच्या लक्षात आलं की मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी होते आहे, काहींची तर नाहीशीच झाली आहे. त्यावरून त्याने कमी खाणं, पिष्टमय पदार्थ आवरणं आणि अंगमेहनत यांचा आग्रह धरला. इन्सुलिन सापडायला अजून पन्नास वर्षं होती. खाल्लेलं आणि मोजलेलं एकमेकांशेजारी ठेवून बघायचं, एवढीच त्याची युक्ती. आपण आज तेच करतो, फक्त हत्यार बरं आहे.

रक्ताची स्ट्रिप १९६०च्या दशकात आली. तिच्यावर थेंब ठेवून साठ सेकंद थांबायचं, मग पाण्याने धुवायची, टिपायची आणि रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. तो रंग वाचणारं यंत्र १९७०च्या सुमारास अँटन क्लेमन्सने बनवलं, वजन जवळपास किलोभर, आणि ते विकलं जायचं फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही इंजिनिअरला ते हवं होतं. बायको डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावाने ते मिळालं. दिवसातून अनेकदा स्वतःला टोचून त्याने आपली शुगर कधी चढते, कधी कोसळते याचा माग काढला आणि त्याप्रमाणे खाणं आणि इन्सुलिन बसवलं. पण इंजिनिअरचं हे सगळं ऐकून घ्यायला वैद्यकातलं कुणी तयार होईना, तेव्हा हा गृहस्थ वयाच्या पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्याचा आहार कमालीचा कडक होता, मला तो झेपणारा नाही. पण यंत्राला प्रश्न विचारायची त्याची रीत मला पटते.

आता आहारावर किंवा साध्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी घरी मोजावं का, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, आणि न मोजण्याची बाजू लंगडी नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्सुलिन न घेणारे ४५० रुग्ण होते. काहींनी मोजलंच नाही, काहींनी रोज एकदा मोजलं. वर्षाअखेर तीन महिन्यांच्या शुगरमध्ये, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, सांगण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी २००८ सालच्या एका अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी घरी मोजणाऱ्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांच्यात उदासी थोडी जास्त आढळली.

मला याचं नवल वाटत नाही. रोज सकाळी मार्क घेऊन उठायचं, ते का मिळाले ते कळायचं नाही, आणि घरातला प्रत्येक जण चहा पिता पिता "आज किती आली?" म्हणून विचारणार. दुसरं काय होणार? याच्या उलट २०११च्या एका अभ्यासात रुग्णांना दर तिमाहीच्या भेटीआधी सलग तीन दिवस, दिवसातून सात वेळा मोजायला सांगितलं: प्रत्येक जेवणाआधी, प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना. बरोबरीने काय खाल्लं तेही लिहायचं, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. वर्षभरात त्यांची एचबीएवनसी १.२ टक्क्यांनी उतरली, इतरांची ०.९ने. फरक मोठा नाही, आणि अभ्यासाला पैसा स्ट्रिप बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही नजरेआड करू नये. तरी मला ही पद्धत रोज सकाळी एकदा टोचण्यापेक्षा शहाणपणाची वाटते. बाकीचे दिवस बोटांना सुट्टी.

माझी वही उघडली तर त्यात आकड्यांपेक्षा प्रश्नच जास्त दिसतील. भात निम्मा करून भाजी आणि डाळ दुप्पट केली तर? (वाढ निम्म्याहूनही कमी झाली, आणि पोटही भरलं.) तेच ताट, पण आधी भाजी-डाळ आणि शेवटी भात? हा प्रयोग मी एका संशोधनाबद्दल वाचून केला. क्रम बदलल्याने जेवणानंतरचा चढ कमी होतो असं त्यात दिसलं होतं आणि माझ्या बाबतीत ते खरं निघालं. जेवण झाल्यावर वीस मिनिटं चाललं तर? याचं उत्तर सगळ्यांत ठळक आलं. स्नायू हलायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता ते रक्तातली साखर ओढून घेतात, हे वाचलेलं होतं. आकड्यात बघितल्यावर जेवून आडवं व्हायची सवय सुटली. साखर न घातलेला फळांचा रस? त्याने मला इतकं वर नेलं की तो विषय तिथेच संपला. अख्खं फळ मात्र निभावतं.

हे सगळं माझ्यापुरतं. २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी ८०० माणसांची शुगर सतत मोजली, तेव्हा एकाच पदार्थाने एकाची शुगर उसळते तर दुसऱ्याची जेमतेम हलते असं दिसून आलं. डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेला ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ शुगर किती चढवतो याची मोजपट्टी, उपयोगाचा आहे, पण तो अनेकांची सरासरी. माझ्या पोटाला ती सरासरी बांधील नाही. म्हणून "आमच्या ह्यांना ते खाऊन काही होत नाही" या वाक्याला माझ्याकडे उत्तर एकच: असेल, ह्यांना होत नसेल.

दोन तासांचा आकडा फसवतोही. तेलकट, तुपकट जेवणाने पोट सावकाश रिकामं होतं. दोन तासांनी सगळं आलबेल दिसतं आणि चौथ्या तासाला शुगर चढलेली असते. अशा जेवणानंतर मी उशिराही एकदा बघतो. आणि त्याहून मोठा सापळा असा की पिष्टमय सगळं काढून ताट चरबीने भरलं तर मशीन मान डोलावतं. कोलेस्टेरॉल त्याला दिसत नाही, मूत्रपिंड दिसत नाही, भाज्या-कडधान्यांतला चोथा दिसत नाही. मशीनला खूश करणं आणि नीट जेवणं या दोन गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, नेहमी नाही.

तीन महिन्यांची शुगर लॅबमध्ये करायची ती यासाठीही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४. सकाळी नेमाने ११५-१२० येते आणि एचबीएवनसी मात्र ७.४, असं कोडं पडलं तर उत्तर बहुधा जेवणानंतरच्या, कधीच न मोजलेल्या तासांत असतं. लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघावं. आणि सततच तहान लागते आहे, वजन उतरतं आहे, घरी वारंवार २५०च्या पुढे येते आहे, तर प्रयोग-बियोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे.

दंडाला चिकटवायचे सेन्सर आता आलेत. ते रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे काही मिनिटं मागे असतात, पण दिवसभराचा आलेख काढून देतात. मी एकदा लावून पाहिला. बघण्यासारखं पुष्कळ होतं, इतकं की मी जेवताना ताटाऐवजी फोनकडेच बघत होतो, आणि बायकोने दुसऱ्याच दिवशी फोन टेबलावरून उचलून आत नेऊन ठेवला. वर्षातून कधीतरी लावायला हरकत नाही. माझ्या प्रश्नांना अजून तरी स्ट्रिप पुरतात.

पुढचा प्रश्न वहीत लिहून ठेवलाय. रात्रीचं जेवण दीड तास अलीकडे आणलं, बाकी सगळं तेच ठेवलं, तर सकाळची उपाशीपोटीची हलते का? आठवडाभर करून बघायचं आहे. त्यासाठी सगळ्या घराला साडेसातला भूक लागायला हवी, आणि त्या वाटाघाटी सध्या चालू आहेत.